नादाची कंपनसंख्या आणि ध्वनिमुद्रण
(काशीच्या संगीताच्या आधारे एक विवेचन)

काशीस गेलेला मराठी यात्रेकरू पहाटे पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरू लागला, म्हणजे त्याच्या कानांवर एकाच वेळी अनेक ध्वनी येतात. देवळातील घंटा वाजत असते, कोणी शंख फुंकतो, नावाड्यांची हाकाटी चालू असते, आणि दूर कोठे तरी तबल्यावर हात चालत असतो. ह्याच घाटाजवळच्या बालाजीच्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) ह्यांनी तरुणपणी वर्षानुवर्षे सनईची साधना केली. त्या काळी तेथून जाणाऱ्या माणसाला घंटा कोणती, शंख कोणता आणि सनई कोणती, हे डोळे मिटूनही सांगता आले असते.

वस्तुतः ही गोष्ट मोठ्या नवलाची आहे. कारण हवेतून येणारे हे सारे ध्वनी कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचेतो एकमेकांत मिसळलेले असतात. पडद्यास जाणवते ती एकच संमिश्र हालचाल. त्या हालचालीचे पृथक्करण करून कान व मेंदू मिळून प्रत्येक ध्वनीस त्याचे नाव परत देतात. आता ह्या ठिकाणी कानाऐवजी यंत्र ठेवले, तर काय होईल? यंत्रासही तीच संमिश्र हालचाल मिळेल. परंतु तिच्यातील सर्व भाग त्यास सारख्याच निष्ठेने टिपता येतील असे नाही. कोणता भाग टिपला जाईल आणि कोणता गळून जाईल, हे मुख्यतः ध्वनीच्या कंपनसंख्येवर अवलंबून असते.

म्हणूनच कंपनसंख्येचे ज्ञान केवळ पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यासाठी नाही. जुन्या तबकडीवरील गायिकेचा आवाज ऐकून तिच्याविषयी मत बनविणारा रसिक, मैफलीत मायक्रोफोनपुढे बसणारा तबलजी, आणि त्या दोघांच्या मधे यंत्राच्या चकत्या फिरविणारा ध्वनिमुद्रक, हे तिघेही जाणता-अजाणता कंपनसंख्येसंबंधी निर्णय घेत असतात. तो निर्णय चुकला, तर एखाद्या कलावंताच्या साऱ्या आयुष्याच्या साधनेविषयी पुढील पिढ्यांचा गैरसमज होऊ शकतो.

कंपनसंख्या म्हणजे काय

तंबोऱ्याची तार छेडली म्हणजे ती आपल्या मूळ जागेच्या दोन्ही बाजूंस झपाट्याने हालू लागते. तार एका बाजूस जाऊन, तेथून दुसऱ्या बाजूस जाऊन पुन्हा मूळ जागी आली, म्हणजे एक कंपन पूर्ण झाले. एका सेकंदात अशी जितकी कंपने होतात, तितकी त्या ध्वनीची कंपनसंख्या होय. आपल्या संगीतशास्त्रावरील ग्रंथांत हिलाच आंदोलनसंख्या म्हणतात, आणि विज्ञानाच्या आजच्या पाठ्यपुस्तकांत वारंवारता. सेकंदास एक कंपन ह्या मापास हाइन्‌रिख हर्ट्झ (१८५७–१८९४) ह्या जर्मन शास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ ‘हर्ट्झ’ असे नाव आहे. १९६० साली ते आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत समाविष्ट झाले.

कंपनसंख्या वाढली की स्वर चढतो, कमी झाली की उतरतो. ती दुप्पट झाली, की तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो. हार्मोनियमची काळी एक हा षड्ज धरून पुरुष गात असेल, तर त्याच्या मध्य षड्जाची कंपनसंख्या सुमारे १३९ असते. तार षड्जाची सुमारे २७७. षड्ज-पंचमाचे नाते २ : ३ असे असल्यामुळे मधल्या पंचमाची कंपनसंख्या सुमारे २०८ येते. ह्यावरून दिसून येईल की गायकाचे लक्ष मुख्यतः कंपनसंख्यांच्या गुणोत्तराकडे असते. षड्ज कोठेही धरला, तरी गुणोत्तरे कायम राहिली म्हणजे राग कायम राहतो.

निरोगी तरुण माणसाच्या कानास सुमारे २० पासून २०,००० पर्यंतची कंपने ऐकू येतात. वय वाढत जाते तसतशी वरची मर्यादा खाली उतरत जाते. ह्या विस्तृत पट्ट्यात सर्व ठिकाणी कान सारखाच तीक्ष्ण नसतो. सुमारे २,००० ते ५,००० ह्या भागात तो सर्वांत संवेदनशील असतो. अगदी खालचे ध्वनी ऐकू येण्यासाठी मात्र ते पुष्कळच बलवान असावे लागतात.

मूलस्वर आणि उपस्वर

सनई आणि सारंगी ह्यांवर एकच षड्ज, सारख्याच जोराने वाजविला, तरी दोहोंतील भेद लहान मुलासही कळतो. कंपनसंख्या एक, मोठेपणाही एक, मग हा भेद कशाचा? आपल्या संगीतशास्त्राने नादाचे तीन गुण सांगितले आहेत : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. ह्यांपैकी जाती म्हणजेच हा भेद होय, आणि त्याचे कारणही कंपनसंख्येतच सापडते.

कंप पावणारी तार केवळ सबंधच हालत नाही. त्याच वेळी ती दोन, तीन, चार अशा सारख्या भागांतही हालत असते. त्यामुळे मूळ कंपनसंख्येबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनसंख्यांचे सूक्ष्म स्वरही निघतात. मुख्य स्वरास मूलस्वर आणि ह्या इतरांस उपस्वर म्हणू. षड्ज १३९ असेल, तर उपस्वर २७८, ४१७, ५५६, ६९५ असे येतील. म्हणजे अनुक्रमे तार षड्ज, त्यावरील पंचम, त्यावरील षड्ज आणि गंधार. उत्तम मिळविलेल्या तंबोऱ्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो, ह्याचे रहस्य हेच आहे. कोणत्या वाद्यात कोणता उपस्वर किती बलवान आहे, ह्यावर त्या वाद्याची जाती ठरते.

ह्यातून ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. गायकाचा मूलस्वर सहसा हजाराच्या वर जात नाही. परंतु त्याच्या आवाजाची ओळख पटविणारे उपस्वर कित्येक हजारांपर्यंत पसरलेले असतात. ‘आ’ आणि ‘ई’ ह्या स्वरवर्णांतील भेदसुद्धा मुखविवर कोणत्या उपस्वरांस उचलून धरते ह्यावर अवलंबून आहे. ‘ई’ उच्चारताना दोन हजारांच्या वरचा भाग ठळक होतो. ‘स’ आणि ‘श’ ह्या वर्णांचा सोसाटा तर बहुतांशी चार ते आठ हजारांच्या दरम्यान असतो. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीवरून ३०० ते ३,४०० एवढाच भाग जात असे. म्हणूनच त्यावर अनोळखी नाव सांगताना ‘स’ आणि ‘फ’ ह्यांत गोंधळ होई आणि नाव पुनःपुन्हा फोड करून सांगावे लागे.

येथे चाणाक्ष वाचक विचारील, की ३०० च्या खालचे काहीच जात नसेल, तर पुरुषाचा खर्जातील आवाज दूरध्वनीवर ओळखू कसा येई? ह्याचे उत्तर असे, की उपस्वरांचा क्रम कानावर पडला म्हणजे मेंदू त्यावरून नाहीशा झालेल्या मूलस्वराचा अंदाज बांधतो आणि तोच आपणांस ‘ऐकू’ येतो. स्वर कोणता हे कळते. परंतु त्याचे भरीवपण, त्याचे वजन मात्र मिळत नाही.

तबल्याचा सूर

तार आणि हवेचा स्तंभ ह्यांची कथा सरळ आहे. चामड्याची मात्र तशी नाही. सगळीकडे सारख्या जाडीचे चामडे वर्तुळाकार कड्यावर ताणून त्यावर आघात केला, तर त्याचे उपस्वर मूलस्वराच्या दुप्पट, तिप्पट असे पूर्णांकी येत नाहीत. गणिताने त्यांचे प्रमाण १ : १.५९ : २.१४ : २.३० असे वेडेवाकडे येते. म्हणूनच साध्या ढोलास नाद असतो. निश्चित असा सूर नसतो. मग काशीच्या तबल्याचा ‘ना’ गायकाच्या षड्जात इतका चोख कसा मिळतो?

ह्या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी दिले. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या स्थापनेच्या प्रसंगी, फेब्रुवारी १९१६ मध्ये झालेल्या व्याख्यानमालेत ते वक्ते म्हणून आले होते. पुढे कलकत्त्यास असताना त्यांनी शिवकाली कुमार ह्यांच्यासह केलेले भारतीय चर्मवाद्यांवरील संशोधन १९२० साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि १९३४ साली त्यांनी त्याच विषयावर अधिक विस्तृत निबंध लिहिला. पुडीवर बारीक वाळू भुरभुरून तिच्या कोणत्या रेषा स्थिर राहतात आणि कोणते भाग हालतात, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखविले.

त्यांचा निष्कर्ष असा : पुडीच्या मध्यभागी लोहचूर्णमिश्रित शाईचे थर देऊन जे वजन वाढविलेले असते, त्यामुळे ती विस्कळित कंपने जवळजवळ पूर्णांकी प्रमाणात येतात. चामड्याच्या पहिल्या नऊ कंपनप्रकारांचे मिळून पाच स्वर होतात, आणि त्यांचे परस्परप्रमाण १ : २ : ३ : ४ : ५ असे असते. तबला बनविणारे कारागीर दगडाने घासघासून शाईचा एकेक थर बसवितात, तेव्हा ते हेच गणित हाताने आणि कानाने सोडवीत असतात. त्याचे शास्त्रीय विवेचन होण्यापूर्वीच त्यांनी ते सोडविले होते.

आता ‘ना’ कसा वाजतो ते पाहा. अनामिका शाईच्या कडेवर हलकेच टेकलेली असते आणि तर्जनीचा आघात चाटेवर होतो. टेकलेल्या बोटामुळे सबंध पुडीचे एकत्र वरखाली होणे दबले जाते. राहतो तो मुख्यतः दुसरा प्रकार, ज्यात पुडीचे दोन अर्धे भाग उलटसुलट हालतात. म्हणून काळी एकमध्ये मिळविलेल्या तबल्याचा ‘ना’ सुमारे २७७ वर ऐकू येतो आणि त्याचे साथीदार ४१६, ५५४, ६९३ ह्यांच्या आसपास असतात. बोटाच्या आघाताचा जो क्षणिक ‘टक्’ असा आवाज असतो, त्याचे घटक मात्र कित्येक हजारांपर्यंत पोहोचतात. उलटपक्षी डग्ग्याचा घुमारा शंभराच्या आसपास आणि त्याखालीही उतरतो. मनगटाच्या दाबाने तो वरखाली सरकतो आणि डग्गा जणू बोलू लागतो.

म्हणजे एका तबलाजोडीत तीन भिन्न प्रदेश आहेत : तळाशी डग्ग्याचा घुमारा, मधे दायाँचा सूर, आणि वर बोटांची स्पष्टता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पंडित रामसहाय ह्यांनी घडविलेला बनारस बाज खुल्या, गुंजणाऱ्या बोलांसाठी प्रसिद्ध आहे. ‘ना धिं धिं ना’ अतिद्रुत लयीत वाजवूनही प्रत्येक बोल सुटा आणि स्वच्छ ठेवणारे पंडित अनोखेलाल मिश्र (१९१४–१९५८) ह्याच परंपरेतील होत. असे वादन टिपायचे, तर ह्या तीनही प्रदेशांस न्याय मिळाला पाहिजे. एकाचीही उपेक्षा झाली, तर बोल राहतील, पण बाज जाईल.

कर्ण्याच्या काळातील काटछाट

हिंदुस्थानात तबकडीवर गाणे उतरविण्याचे काम १९०२ साली सुरू झाले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रेडरिक गैसबर्ग ह्या तंत्रज्ञाने कलकत्त्यास गौहरजान ह्यांचे गायन मुद्रित केले. गौहरजान ह्यांचे बालपण काही काळ काशीत गेले होते. त्या काळी मायक्रोफोन नव्हता, वीज नव्हती. गायिकेने मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी बसून खड्या आवाजात गावयाचे. त्या आवाजाच्या जोरानेच कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा हाले, आणि त्यास जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या थाळीवर रेघ कोरी.

ह्या व्यवस्थेत ढोबळ मानाने दीड-दोनशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंतचीच कंपने टिपली जात. असे का, हे समजण्यास लहरीच्या लांबीचा विचार करावा. हवेत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४५ मीटर आहे. म्हणून १०० कंपनांच्या ध्वनीची एक लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. हात-दोन हात व्यासाचा कर्णा एवढ्या लांब लहरीस पकडू शकत नाही. उलट अतिजलद कंपनांस पडदा आणि सुई ह्यांचे जडत्व साथ देत नाही. खालचे दार कर्ण्याने बंद केले, वरचे पडद्याने.

परिणाम काय झाला, ते आता वाचकास स्वतःच सांगता येईल. डग्ग्याचा घुमारा जवळजवळ नाहीसा झाला. तबला लाकडी ठोक्यासारखा वाजू लागला. तंबोरा तर दिसेनासाच झाला. गायिकेचे मूलस्वर टिकले. काळी पाच, म्हणजे सुमारे २३३ हा षड्ज असेल, तर मंद्र पंचमापासून (१७५) तार पंचमापर्यंतचे (७००) बहुतेक स्वर त्या मर्यादेत बसतात. परंतु आवाजास भरीवपणा आणि झळाळी देणारे उपस्वर वरच्या वर छाटले गेले, आणि ‘स’, ‘श’ हे वर्ण पुसट झाले. त्या तबकड्या ऐकून कित्येक रसिक म्हणतात की, जुन्या गायिकांचे आवाज चिरके आणि नाकातले होते. परंतु ह्या मताचा मोठा भाग कर्ण्याविषयी आहे, गळ्याविषयी नाही.

मग त्या तबकड्यांवर विश्वासच ठेवू नये काय? तसे मुळीच नाही. स्वरांचे परस्परनाते, तानेची रचना, मुरकीची जागा, लयीचे वजन, बंदिशीची मांडणी ह्या सर्व गोष्टी मधल्या पट्ट्यात सुरक्षित राहिल्या आहेत. ठुमरीचा अभ्यासक त्यांवरून पुष्कळ शिकू शकतो. आवाजाची जाती आणि साथीचा समतोल, ह्या दोहोंविषयी मात्र त्याने निवाडा देऊ नये. पुरावा कशाचा आहे आणि कशाचा नाही, हे ओळखणे हीच येथे शास्त्राची शिकवण आहे.

फिरण्याचा वेग आणि चढलेला षड्ज

दुसरे एक संकट ह्याहूनही फसवे आहे. तबकडी मिनिटास ७८ फेऱ्या घेते, असे आपण म्हणतो. परंतु हा आकडा सर्वमान्य होण्यापूर्वी निरनिराळ्या वेगांनी मुद्रणे होत असत. समजा, ७४ फेऱ्यांच्या वेगाने मुद्रित केलेली तबकडी ७८ च्या वेगाने वाजविली. तर प्रत्येक कंपनसंख्या ७८/७४ पट, म्हणजे शेकडा ५.४ इतकी वाढेल. हार्मोनियमवर एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचे अंतर शेकडा सहाच्या आत असते. म्हणजे पांढरी सहा (२२०) ह्या षड्जात गायलेले गाणे जवळजवळ काळी पाच ह्या षड्जात ऐकू येईल. गुणोत्तरे बिघडत नसल्यामुळे राग तोच राहील, त्यामुळे ही चूक सहज ध्यानात येत नाही. लय मात्र चढेल, आणि आवाजाचे सर्व उपस्वर वर सरकल्यामुळे प्रौढ गायिकेचा गळा अल्पवयीन मुलीसारखा भासेल.

ज्यांच्याकडे जुन्या तबकड्या आहेत आणि जे त्या संगणकावर उतरवून ठेवीत आहेत, त्यांच्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. वेग निश्चित केल्यावाचून केलेली प्रत म्हणजे चुकीच्या मापाची नक्कल होय. मूळ तबकडी झिजून गेल्यावर ही चूक दुरुस्त करण्यास आधार उरत नाही.

विद्युत्, फीत आणि अंक

१९२५ सालापासून विजेच्या साहाय्याने मुद्रण होऊ लागले. मायक्रोफोन आला, आणि मर्यादा सुमारे १०० ते ५,००० पर्यंत विस्तारली. गायकास ओरडण्याचे कारण उरले नाही. हळुवार उच्चार आणि खालच्या सप्तकातील आलाप टिपता येऊ लागला. पुढे चुंबकीय फीत आणि १९४८ साली प्रचारात आलेली दीर्घवादी तबकडी ह्यांनी वरची मर्यादा दहा हजारांच्या पलीकडे नेली. रसूलनबाई, सिद्धेश्वरी देवी (१९०८–१९७७) आणि गिरिजा देवी (१९२९–२०१७) ह्या काशीच्या थोर गायिकांचे ध्वनिमुद्रण ह्या उत्तरोत्तर सुधारत गेलेल्या साधनांनी झाले आहे. म्हणून त्यांच्या आवाजांची तुलना करताना साधनांची तुलना प्रथम करावी लागते. नभोवाणीच्या मध्यम लहरींवरून ऐकलेला आवाज तर आणखी निराळा. तेथे दोन केंद्रांच्या लहरींत ९,००० कंपनांचेच अंतर असल्यामुळे ध्वनीस साडेचार-पाच हजारांपर्यंतच वाव मिळतो.

आजचे मुद्रण अंकांच्या स्वरूपात होते. मायक्रोफोनकडून येणाऱ्या विद्युत्प्रवाहाचे ठराविक क्षणांस मोजमाप घेऊन ते आकडे साठविले जातात. १९८२ साली बाजारात आलेल्या काँपॅक्ट डिस्कसाठी सेकंदास ४४,१०० मोजमापे हे प्रमाण ठरले. हा आकडा का? कोणतेही कंपन पुन्हा उभे करावयाचे, तर सेकंदास त्याच्या दुपटीहून अधिक मोजमापे हवीत, असा सिद्धान्त आहे. कानाची मर्यादा २०,००० धरली, तर तिची दुप्पट ४०,०००. आणि त्यावर थोडी मोकळीक. ह्याहून जलद कंपने आत शिरली, तर ती खोटे रूप घेऊन खालच्या पट्ट्यात प्रकट होतात. म्हणून मोजमापापूर्वीच त्यांस गाळून टाकावे लागते.

ध्वनिमुद्रकाचा विवेक

मर्यादा अशा रीतीने दूर झाल्या. आता प्रश्न उरला तो विवेकाचा. पूर्वी यंत्र काटछाट करी, आज ती माणूस करतो. इक्वलायझर नावाच्या साधनाने कंपनसंख्येचा कोणताही पट्टा उचलता अथवा दाबता येतो. त्याचा उपयोग करण्यापूर्वी कोणत्या पट्ट्यात कोणाचे घर आहे, हे ठाऊक असले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. काळी एकमध्ये मिळविलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची कंपनसंख्या सुमारे ६९ असते. गायकाच्या मायक्रोफोनमध्ये पंख्याची घरघर आणि रस्त्यावरील वाहनांचा गडगडाट येतो, म्हणून शंभराखालचे सर्व गाळून टाकण्याची रीत आहे. गायकाच्या मायक्रोफोनपुरती ती योग्यच होय. परंतु तीच चाळणी तंबोऱ्यास आणि डग्ग्यास लावली, तर खर्ज आणि घुमारा ह्यांचा पायाच निघून जाईल. नुसता पाया राखूनही भागत नाही. तंबोऱ्याची खरी श्रीमंती जवारीच्या धाग्यामुळे निघणाऱ्या वरच्या उपस्वरांत आहे. ह्या विषयावरही रामन ह्यांनी १९२१ साली लिहिले होते. तो वरचा भाग ‘खरखर’ समजून दाबला, तर तंबोरा मुका होतो.

अडचण वाढते ती वाद्ये एकमेकांच्या घरात शिरतात तेव्हा. हार्मोनियम, सारंगी आणि गायकाचा कंठ ह्यांचे मूलस्वर जवळजवळ एकाच पट्ट्यात असतात. त्यांतील एक मोठे झाले, की दुसरे झाकले जाते. अशा वेळी नवशिका ध्वनिमुद्रक गायकाचा आवाज वाढवितो, मग तबला वाढवितो, मग पुन्हा गायकाचा. आणि सरतेशेवटी सर्वच कर्कश होते. जाणता ध्वनिमुद्रक हार्मोनियमचा मधला पट्टा किंचित दाबतो आणि गायकास जागा मोकळी करून देतो. त्याहूनही जाणता ध्वनिमुद्रक इक्वलायझरला हात लावण्यापूर्वी उठून मायक्रोफोनची जागा बदलतो. एका दिशेचा आवाज घेणारा मायक्रोफोन तोंडाच्या फार जवळ आणला, तर खालची कंपने आपोआप फुगतात. तोच वीतभर दूर सारला, तर कोणतीही चकती न फिरविता आवाज स्वच्छ होतो.

काशीतील संकटमोचन मंदिराच्या प्रांगणात १९२३ पासून चालत आलेल्या संगीत समारोहासारख्या जाहीर मैफलीत ध्वनिवर्धकांचा प्रश्न उद्भवतो. ध्वनिवर्धकाचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरला, की एखादी विशिष्ट कंपनसंख्या वाढत वाढत शिट्टीचे रूप घेते. तेव्हा सर्वच आवाज कमी करण्याऐवजी तेवढाच अरुंद पट्टा दाबला, म्हणजे काम भागते. मात्र तो पट्टा कोणता, हे कानाने ओळखता आले पाहिजे. शेजारी बसून ‘ही पंचमाजवळची शिट्टी आहे’ असे सांगणारा गायक अशा वेळी यंत्राइतकाच उपयोगी पडतो. स्वरज्ञान आणि ध्वनिशास्त्र ही दोन भिन्न विद्यालये नाहीत, ती अशी.

श्रोत्याने करून पाहण्याचा प्रयोग

हे सर्व पडताळून पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. काशीच्या एखाद्या तबलावादकाचे चांगले, अलीकडचे एकल-वादन प्रथम भ्रमणध्वनीच्या इवल्याशा ध्वनिवर्धकावर ऐकावे आणि नंतर कानाला लावायच्या उत्तम ध्वनिग्राहीवर. पहिल्या खेपेस डग्गा केवळ थापेच्या आवाजावरून ओळखू येईल. दुसऱ्या खेपेस त्याचा घुमारा प्रकट होईल. त्यानंतर तेच वादन अगदी हळू आवाजात ऐकावे. डग्गा पुन्हा क्षीण झाल्यासारखा वाटेल, कारण ध्वनी लहान होत गेला म्हणजे खालच्या कंपनांविषयी कानाची संवेदना अधिक वेगाने घटते. फ्लेचर आणि मन्सन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ साली ह्याचे मोजमाप प्रसिद्ध केले. म्हणूनच मोठ्या आवाजात ऐकून समतोल साधणारा ध्वनिमुद्रक फसतो, आणि घरी हळू आवाजात ऐकणारा श्रोता वादकास दोष देतो.

ज्यांच्या घरी तबला आहे, त्यांनी आणखी एक प्रयोग करावा. ‘ना’ वाजवून झाल्यावर तोच आघात अनामिका उचलून करावा. दबलेला मूलस्वर मोकळा होऊन खालून घुमून येईल. रामन ह्यांनी वाळूने दाखविले, ते अशा रीतीने आपल्या कानांस प्रत्यक्ष कळेल.

पंचगंगेच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या यात्रेकरूचा कान घंटा, शंख आणि तबला वेगवेगळे करतो, तेव्हा तो त्याच्याही नकळत कंपनसंख्यांची वाटणी करीत असतो. यंत्रास ही वाटणी आपण शिकवावी लागते. ज्या यंत्रास ती शिकविता आली नाही, त्याने केलेल्या मुद्रणावरून कलावंताचा न्याय करू नये. आणि ज्या यंत्रास आज ती शिकविता येते, त्याच्यापुढे बसणाऱ्याने आपले अज्ञान कलावंताच्या माथी मारू नये. काशीच्या कारागिराने शाईचा थर देताना कानावर जेवढा भरवसा ठेवला आणि हातास जेवढी शिस्त लावली, तेवढीच ध्वनिमुद्रकाने लावली, तर पुढील पिढ्यांस आजचे गाणे आज जसे आहे तसे ऐकावयास मिळेल.